पाण्याखालचे अकरा हजार डोळे

वसंतऋतूतील व्याख्यानांत इतिहासाच्या नावाने श्रोत्यांच्या कानी जे पडते, ते बहुधा गडकोटांचे, दरबारांचे आणि लढायांचे असते. त्या थोर विषयांच्या पंगतीला आम्ही आज एक काचेचा भोपळा आणून बसवीत आहोत. तंबोऱ्याचा भोपळा डोळ्यांपुढे आणावा. तसाच हा पुढून फुगीर, मागे मान निमुळती. रुंदी सुमारे ५० सेंटिमीटर. मात्र आत हवासुद्धा नाही. जपानातील एका खाणीच्या पोटात असे अकरा हजारांवर भोपळे पाण्यात बुडवून ठेवलेले होते. २००१ साली त्यांपैकी शंभरएक निकामी झाले होते, म्हणून ते बदलण्याचे काम निघाले. घरातला गेलेला दिवा काढून नवा लावावा, इतके साधे ते काम वाटावे. त्यातून जे ओढवले आणि पुढे ज्या रीतीने निस्तरले गेले, ते सांगण्याजोगे आहे असे आम्हांस वाटते. पण असला भोपळा करावा लागला तरी का, हे कळण्यासाठी शंभर वर्षे मागे जावे लागेल.

अणूच्या अभ्यासात प्रकाश टिपणारे पहिले साधन म्हणजे माणसाचा डोळा. १९०९ च्या सुमारास मँचेस्टर येथे रदरफर्ड यांच्या हाताखाली गायगर आणि मार्सडेन हे दोघे अंधाऱ्या खोलीत बसून झिंक सल्फाइडच्या पडद्यावरील ठिणग्या मोजीत. अल्फा कण पडद्यावर आदळला की काजव्याहूनही मंद अशी एक चमक उठे. ती दिसावी म्हणून आधी अर्धा अर्धा तास काळोखात डोळे निववीत बसावे लागे. मोजणीही थोड्या वेळातच थांबवावी लागे, कारण डोळा थकला की नसलेल्या ठिणग्या दिसू लागतात आणि असलेल्या दिसेनाशा होतात. अणूला गर्भ आहे हा शोध अशा डोळेफोडीतून लागलेला आहे, हे आपली पाठ्यपुस्तके सहसा सांगत नाहीत.

डोळ्याचा दुसरा दोष याहून नाजूक होता. १९२०च्या दशकात केंब्रिज आणि व्हिएन्ना या दोन प्रयोगशाळांत मोठा वाद माजला. एकच प्रयोग, पण व्हिएन्नाच्या मोजणीत कण पुष्कळ निघत, केंब्रिजच्या मोजणीत थोडे. अखेर डिसेंबर १९२७ मध्ये चॅडविक स्वतः व्हिएन्नास गेले. तेथे मोजणीचे काम तरुण स्त्रियांकडे होते. चॅडविक यांनी एवढेच केले की, कोणत्या वेळी काय अपेक्षित आहे हे मोजणाऱ्यांस कळू दिले नाही. त्याबरोबर व्हिएन्नाचे आकडे केंब्रिजच्या आकड्यांशी जुळले! कोणी लबाडी केली होती असे नव्हे. जे दिसावे अशी वरिष्ठांची इच्छा होती, ते डोळ्यांना दिसत होते.

तेव्हा डोळा बदलणे भाग होते. तो बदलला गेला १९४४ मध्ये. अणुबाँबच्या खटाटोपात बर्कली येथे काम करणारे ब्रिटिश शास्त्रज्ञ सॅम्युएल करन यांनी झिंक सल्फाइडच्या पडद्यापुढे माणसाच्या जागी एक नळी बसविली. तीच फोटोमल्टिप्लायर, म्हणजे प्रकाशगुणक नळी. १९३०च्या दशकात ती तयार झालेली होती, पण कण मोजण्याच्या या कामी कोणी लावलेली नव्हती.

या नळीचे काम समजणे अवघड नाही. तिच्या काचेला आतून अँटिमनी, पोटॅशियम, सीझियम अशा धातूंचा अतिशय पातळ लेप असतो. प्रकाशाचा एक कण त्यावर पडला की पुष्कळदा वाया जातो, पण एखाद्या वेळी लेपातून एक इलेक्ट्रॉन सुटतो. नळीत एकापुढे एक अशा धातूच्या पट्ट्या असतात आणि त्यांच्यामध्ये विजेचा मोठा दाब असतो. इलेक्ट्रॉन पहिल्या पट्टीवर आदळून तीन-चार इलेक्ट्रॉन उडवितो, ते दुसऱ्या पट्टीवर आदळून प्रत्येकी तितकेच. बुद्धिबळाच्या पटावर घराघराला दुप्पट तांदूळ मागणाऱ्या शहाण्याची गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. येथे दुपटीऐवजी चौपट धरा. अकरा पायऱ्यांत एकाचे बेचाळीस लाख होतात. एवढा विजेचा झोत मोजणे मग कठीण नाही. ही नळी थकत नाही, आणि वरिष्ठांची मर्जीही राखीत नाही. मात्र तिच्या आत निर्वात पोकळी लागते. आत हवा असती तर इलेक्ट्रॉन वाटेतच अडकले असते. ही पोकळीच तिचा प्राण आणि, पुढे दिसून आले त्याप्रमाणे, तिचा काळही.

या नळ्या खाणीत शिरल्या त्या न्यूट्रिनोच्या मागावर. न्यूट्रिनो हा विद्युत्भाररहित कण इतका अलिप्त, की सबंध पृथ्वीतून आरपार जातो आणि कशालाही शिवत नाही. कोट्यवधींतला एखादाच अडतो. तो अडलेला ओळखायचा तर आकाशातून अखंड पडणारा इतर कणांचा पाऊस टाळला पाहिजे, आणि त्याला छत्री म्हणून मैल-दीड मैल खडकच हवा. या कामी आपल्या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे नाव आदराने घेतले पाहिजे. म्हैसूर राज्यातील कोलारच्या सोन्याच्या खाणीत या संस्थेने आधी किती खोलवर किती कण पोचतात ते मोजले. मग सुमारे २,३०० मीटर खाली, ओसाका सिटी आणि डरहॅम या विद्यापीठांच्या साहाय्याने, प्रकाशगुणक नळ्या आणि निऑनच्या नळ्या मांडल्या. मेनन, श्रीकंठन, नरसिंहम् आणि जपानचे मियाके ही त्यांतील प्रमुख नावे. वातावरणात जन्मणारे न्यूट्रिनो १९६५ मध्ये तेथे सापडले. त्याच वेळी दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खाणीत रेनस यांच्या मंडळींनाही सापडले. कोण पहिला, या वादात आम्ही पडत नाही. दोघांचे निबंध एकाच महिन्यात, ऑगस्ट १९६५ मध्ये, प्रसिद्ध झाले आहेत.

कोलारच्या प्रयोगात जपानी हात होता हे लक्षात ठेवून आता जपानात जाऊ. गिफू प्रांतात कामिओका नावाची जस्त-शिशाची जुनी खाण आहे. तिची कीर्ती फारशी चांगली नव्हती. तिच्या सांडपाण्यातील कॅडमियममुळे जिन्झू नदीकाठच्या लोकांस हाडे ठिसूळ करणारा भयंकर रोग जडला, आणि तो प्रदूषणाचाच रोग असल्याचे जपानी सरकारने १९६८ मध्ये मान्य केले. त्याच खाणीत १,००० मीटर खडकाखाली १९८३ मध्ये मासातोशी कोशिबा यांनी ३,००० टन शुद्ध पाण्याची टाकी उभी केली. मूळ हेतू, प्रोटॉन कधी फुटतो का हे पाहण्याचा. पाण्यात एखादा भारित कण पाण्यातील प्रकाशापेक्षा अधिक वेगाने धावला, तर वेगवान नावेपुढे लाट दुभंगावी तसा त्याच्यामागे निळसर प्रकाशाचा शंकू पसरतो. टाकीच्या भिंतींना आतून डोळे लावून ठेवले की तो प्रकाश वर्तुळाकार उमटतो आणि कण कोठून आला, केवढ्या जोराने आला, हे काढता येते.

तशीच टाकी अमेरिकेत ओहायोमधील मिठाच्या खाणीत होती, आणि ती अधिक मोठी होती. तिच्यात दोन हजारांवर नळ्या होत्या, पण लहान, पाच इंची. पैशाच्या बळावर बरोबरी होणे नाही हे ओळखून कोशिबा यांनी निराळा डाव टाकला. टाकी लहान असली तर असो, डोळे मोठे करू. हामामात्सु येथील कारखानदार तेरुओ हिरुमा यांच्यामागे लागून त्यांनी वीस इंची नळी करवून घेतली. एवढा मोठा निर्वात भोपळा जगात कोणी केलेला नव्हता. त्याची काच कारागीर फुंकून घडवीत. असे सुमारे एक हजार डोळे कामिओकात बसले. प्रोटॉन काही फुटला नाही. परंतु २३ फेब्रुवारी १९८७ रोजी, शेजारच्या तारकामेघात फुटलेल्या एका ताऱ्याचे न्यूट्रिनो पृथ्वीवरून गेले, आणि त्यांतील अकरा या डोळ्यांनी पाहिले. कोशिबा यांच्या निवृत्तीला महिनाच उरला होता.

या यशावर मोठी टाकी मंजूर झाली. तिचे नाव सुपर-कामिओकांदे. उंची ४१ मीटर, व्यास ३९ मीटर, पाणी ५०,००० टन. आणि आतल्या बाजूस ११,१४६ वीस इंची डोळे, एकाच्या मध्यापासून दुसऱ्याचा मध्य ७० सेंटिमीटरवर. म्हणजे दोन भोपळ्यांमध्ये वीतभरच अंतर. एप्रिल १९९६ मध्ये काम सुरू झाले, आणि १९९८ च्या जूनमध्ये ताकायामा येथील परिषदेत ताकाआकी काजिता यांनी निष्कर्ष मांडला. वरून येणाऱ्या एका जातीच्या न्यूट्रिनोंपेक्षा पृथ्वीच्या पोटातून, खालून येणारे जवळजवळ निम्मेच भरत होते. वाटेत ते जात बदलीत होते, आणि जात बदलते त्याअर्थी त्यांना वस्तुमान आहे. पन्नास-साठ वर्षांची समजूत त्यामुळे बदलली.

पाच वर्षांत शंभराच्या आसपास डोळे मेले. अकरा हजारांत हे प्रमाण नगण्य होते. तरी २००१ च्या उन्हाळ्यात टाकी रिकामी करून ते बदलण्यात आले. तळावरचे डोळे बदलताना माणसांना उभे राहायला जागा ती कोठली? सारी जमीन डोळ्यांनीच व्यापलेली. म्हणून भोपळ्यांवर फोमचे जाड तुकडे ठेवून त्यांवर पाय देत काम करावे लागे. काम आटोपले. सप्टेंबरात पुन्हा पाणी भरण्यास आरंभ झाला.

१२ नोव्हेंबर २००१ रोजी टाकी पाऊणएक भरली होती. सकाळी ११ वाजून १ मिनिटाने तळाजवळचा एक भोपळा फुटला.

हा भोपळा फुटणे म्हणजे बाहेर उडणे नव्हे, आत कोसळणे. तीस मीटर पाण्याखाली पाण्याचा आणि वरील हवेचा मिळून चार वातावरणांचा दाब असतो. नळीच्या तोंडाचे क्षेत्रफळ सुमारे दोन हजार चौरस सेंटिमीटर. म्हणजे प्रत्येकीच्या कपाळावर आठ टनांचा भार, आणि आतून टेकू म्हणून काही नाही. गोल आकाराच्या बळावरच ती तग धरते. काच तडकली की चहूबाजूंचे पाणी पोकळीत धावते, मध्यभागी एकमेकांवर आदळते, आणि त्या टकरीतून दाबाची लाट बाहेर उसळते. वीतभर अंतरावर शेजारी उभाच. तो फुटतो, त्याची लाट त्याच्या शेजाऱ्याला. दिवाळीतील फटाक्यांच्या माळेप्रमाणे ही आग, आगीवाचून, सर्व टाकीभर पसरली. वरचे चार-पाच मीटर पाणी उथळ, तेथे दाब कमी. तेथे येऊन ती थांबली. हे सारे अवघ्या काही सेकंदांत झाले. सहा हजार सहाशेंहून अधिक मोठे डोळे आणि बाहेरच्या बाजूच्या लहान नळ्यांपैकी हजारावर, असे नष्ट झाले. मनुष्यहानी झाली नाही. एका मोठ्या नळीची किंमत त्या वेळी तीन हजार डॉलरच्या घरात होती. गुणाकार श्रोत्यांनीच करावा.

चौकशी समिती नेमली गेली. पहिली फुटलेली नळी तळाची होती, आणि दुरुस्तीच्या वेळी तिच्या मानेवर ताण येऊन तिला बारीक इजा झाली असावी, हे संभाव्य कारण समितीने सांगितले. संभाव्य म्हणण्यावाचून गत्यंतर नव्हते, कारण साक्षीदार नळीचा चुरा इतर हजारो नळ्यांच्या चुऱ्यात मिसळलेला. आमच्या मते या प्रकरणातील महत्त्वाचा भाग याच्या पुढे आहे. एखादी नळी आज ना उद्या फुटणार, यात अघटित काहीच नाही. परंतु ती टाकी पाच वर्षे काठोकाठ भरलेली होती आणि त्या पाच वर्षांत काही झाले नाही. यावरून साऱ्यांनी असे धरून चालले की धोका नाही. वस्तुतः त्या पाच वर्षांनी एवढेच सिद्ध केले होते की, या नळ्या दाब सोसतात. एक नळी न सोसेल तर शेजारणीचे काय होईल, हा प्रश्न त्या पाच वर्षांना कोणी विचारलेलाच नव्हता. ज्या दाट मांडणीमुळे १९९८ चा शोध लागला, त्याच दाट मांडणीने २००१ मध्ये घात केला.

त्या वेळी या वेधशाळेचे प्रमुख कोशिबा यांचे शिष्य योजी तोत्सुका हे होते. आदल्या वर्षी कर्करोगाची शस्त्रक्रिया होऊन ते पुन्हा कामावर आलेले. अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी जगभरच्या सहकाऱ्यांना पत्रक धाडले. यंत्र पुन्हा उभारायचे, याविषयी प्रश्नच नाही, असा त्यातील आशय होता. आणि उभारणी दोन टप्प्यांनी करावी असेही त्यात सुचविले होते. पैसा मंजूर नाही, कारण ठाऊक नाही, टाकीत अजून काचेचा खच पडलेला, अशा स्थितीत हे पत्रक निघाले आहे. त्यामागे हिशेबही होता. त्सुकुबा येथील प्रवेगकातून २५० किलोमीटर दूर कामिओकाकडे न्यूट्रिनोंचा झोत सोडण्याचा प्रयोग १९९९ पासून चालू होता, आणि १९९८ च्या शोधाचा पडताळा त्यावर अवलंबून होता. शिवाय या मधल्या काळात आपल्या आकाशगंगेत एखादा तारा फुटला असता तर? जगातील सर्वांत मोठा न्यूट्रिनो-डोळा त्या क्षणी मिटलेला असता. शेजारी जुन्या टाकीच्याच जागेवर दुसरा, कामलँड नावाचा प्रयोग जानेवारी २००२ मध्ये जागा झाला, हाच काय तो दिलासा.

सहा हजार नवे भोपळे लगेच मिळणे शक्य नव्हते. काच फुंकणारे हात थोडे. तेव्हा असे ठरले की जे वाचले आहेत तेच सर्वत्र विरळ पसरावे. सारे उरलेले डोळे उतरवून, तपासून, सुटे भाग मिळवून ५,१८२ डोळ्यांची नवी मांडणी केली. पूर्वी भिंतीचा चाळीस टक्के भाग पाहत होता, आता एकोणीस टक्केच पाहणार. दूरच्या झोतातील न्यूट्रिनो जोरकस, त्यांचा प्रकाश भरपूर, आणि ते येण्याची वेळ आधीच ठाऊक. त्यांच्यासाठी इतके डोळे पुरेसे होते. सूर्याकडून येणारे न्यूट्रिनो मात्र दुबळे. पाच दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंतचे पूर्वी दिसत, आता सातापर्यंतचेच दिसणार होते. सूर्याचा अभ्यास करणाऱ्यांनी हा तोटा सोसला. पूर्ण यंत्र मिळेपर्यंत अंधारात बसण्यापेक्षा अर्ध्या दृष्टीने पाहत राहणे पत्करले गेले, आणि पुढील घटनांवरून पाहता तो निवाडा योग्य होता असे आम्ही म्हणतो.

परंतु फटाक्यांची माळ तोडल्यावाचून पाणी भरणार कोण? काही नळ्या शेजारी शेजारी मांडून, खोल पाण्यात बुडवून, त्यांतील एक मुद्दाम फोडून पाहण्यात आली. शेजाऱ्यांचीही तीच गत झाली. म्हणजे नोव्हेंबरातील तर्क खरा होता. मग प्रत्येक नळीला पुढून पारदर्शक ॲक्रिलिकचा घुमट आणि मागून काचतंतूंच्या प्लॅस्टिकची टोपी चढविली. या कवचाला बारीक भोके आहेत, हे त्यातले मर्म. भोकांतून पाणी आत शिरते, त्यामुळे एरवी कवचावर पाण्याचा भार पडत नाही. पण आतील नळी फुटलीच तर बाहेरचे पाणी त्या भोकांतून सावकाशच येऊ शकते. धडक मंदावते, आणि लाट कवचाबाहेर पडताना क्षीण झालेली असते. पुन्हा प्रयोग केले; मधली फुटली तरी शेजारीण शाबूत राहिली. नळी फुटू नये अशी तजवीज येथे कोणी केलेली नाही. ती फुटेल असे गृहीत धरून शेजारणीची काळजी घेतली आहे.

ऑक्टोबर २००२ मध्ये, टाकीचे काम संपत आले असताना, कोशिबा यांना नोबेल पारितोषिक जाहीर झाले. त्यांच्या नावाची टाकी त्या घटकेला आंधळी होती, हा योगायोग जपानी वृत्तपत्रांना चुकला नसेल. डिसेंबरात डोळे उघडले. जानेवारी २००३ पासून त्सुकुबाचा झोत पुन्हा येऊ लागला, आणि न्यूट्रिनो जात बदलतात याचा माणसाने सोडलेल्या झोतावरून पडताळा त्या विरळ डोळ्यांनीच पुरा केला. हामामात्सुच्या कारखान्यातून नवे भोपळे निघत होतेच. २००५ च्या अखेरीस टाकी पुन्हा उघडली, आणि जुलै २००६ मध्ये ११,१२९ डोळे, सर्व चिलखतासह, कामाला लागले. तोत्सुका १० जुलै २००८ रोजी कर्करोगाने वारले. काजिता यांना २०१५ मध्ये कॅनडाच्या मॅकडॉनल्ड यांच्याबरोबर नोबेल मिळाले, तेव्हा या यशात तोत्सुका यांचा वाटा किती होता याची आठवण जाणत्यांनी काढली. कोशिबा २०२० मध्ये गेले. दिवस होता १२ नोव्हेंबर, अपघाताचाच.

२०१८ च्या उन्हाळ्यात टाकी पुन्हा एकदा उघडली गेली. या खेपेला सांध्यांतील गळती बुजवायची होती, कारण पुढे पाण्यात गॅडोलिनियमचे क्षार मिसळायचे होते आणि त्याचा थेंबही नदीत जाता कामा नये, असा निश्चय होता. जिन्झू नदीचा पूर्वेतिहास आम्ही वर सांगितलाच आहे. त्याच वेळी मेलेल्या काही शे नळ्याही बदलण्यात आल्या. पाणी टप्प्याटप्प्याने उतरवीत, त्यावर तराफे तरंगत ठेवून, माणसे भिंतीशी काम करीत होती. जानेवारी २०१९ पर्यंत टाकी पुन्हा भरली. पाणी चढत गेले आणि काही फुटले नाही. कामिओकाच्याच परिसरात आता पाचपट मोठी टाकी उभी राहत आहे. ती ७१ मीटर खोल आहे, म्हणजे तळाच्या नळीवर सोळा टनांचा भार येईल. तिच्यासाठी नळ्यांची काच अधिक दाब सोसेल अशी घडविली आहे, आणि तरीही तिच्या मोठ्या डोळ्यांना कवचे द्यायची असे ठरले आहे.